रकाना मिळाला, खोली कुठे?

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि ज्या भारतीय दंड संहितेच्या ३७७व्या कलमाने समलिंगी संबंधांस गुन्हा ठरविले ती संहिता १८६० साली मंजूर झाली. म्हणजे आपले विद्यापीठ त्या कायद्याहून तीन वर्षांनी वडील आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एकाच राजवटीची ही दोन अपत्ये पुढे दीडशेहून अधिक वर्षे शेजारी शेजारी नांदली. या काळात विद्यापीठाच्या वर्गांतून कायदा, मानसशास्त्र, वैद्यक आणि साहित्य शिकून लक्षावधी पदवीधर बाहेर पडले. परंतु त्यांच्यातील जे समलिंगी, उभयलिंगी वा पारलिंगी होते आणि ज्यांस आता इंग्रजी आद्याक्षरे जुळवून एलजीबीटीक्यू म्हणण्याचा प्रघात पडला आहे, त्यांच्या अस्तित्वाची दखल विद्यापीठाच्या दप्तराने कधी घेतली नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नवतेजसिंग जोहर खटल्यात प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्दबातल ठरविले, तेव्हा आजवरच्या मौनाचे एक सोयीस्कर निमित्त नाहीसे झाले. जे कृत्य कायद्याने गुन्हा आहे, ते करणाऱ्यांसाठी मी कोणती तजवीज करावी, असे तोवर एखादा प्राचार्य विचारू शकत होता. आता त्याला तसे विचारता येत नाही.

तजवीज कितपत झाली आहे, हे पाहावयाचे तर परिसंवादांच्या भित्तिपत्रकांपेक्षा प्रवेशाच्या हंगामातील कचेरी पाहावी. तालुक्याच्या गावच्या एका अनुदानित महाविद्यालयात अर्ज स्वीकारण्याच्या खिडकीमागे मला काही वेळ बसावयास मिळाले. छापील अर्जात लिंगाच्या रकान्यात पुरुष, स्त्री आणि त्यांच्याखाली तृतीयपंथी असे तीन चौकोन होते. तिसरा चौकोन कोणी भरतो का, असे मी कारकुनास विचारले. "एकानं भरला होता, सर," तो म्हणाला, "आणि दुसऱ्या दिवशी येऊन खोडून गेला." का, असे विचारता त्याने गठ्ठ्यावरची दोरी सोडीतच उत्तर दिले, "मीच विचारलं ना त्याला, हॉस्टेलचा अर्ज जोडलायस, तुला मुलांच्यात घालू का मुलींच्यात? रकाना वरून छापून आला, पण खोलीचं वरून काही आलं नाही. माझ्या मनानं मी कशी देणार?" त्याच्या बोलण्यात उपहासाचा लवलेश नव्हता. नियमाच्या आधारावाचून एक पाऊल न टाकण्याची सवय जडलेल्या माणसाची ती खरीखुरी अडचण होती, आणि ती त्याने एका वाक्यात जितकी नेमकी मांडली तितकी मी या विषयावरच्या कोणत्याही अहवालात वाचलेली नाही.

हा तिसरा रकाना आला तो १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालामुळे. त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख तर मान्य केलीच, शिवाय त्यांस सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग मानून शिक्षणसंस्थांतील प्रवेशात आरक्षण द्यावे, असा केंद्र व राज्य सरकारांना आदेशही दिला. आदेशाचा पूर्वार्ध अंमलात आणण्यास छापखान्याचे साहाय्य पुरेसे होते, म्हणून तो लवकर अंमलात आला. उत्तरार्धास जागा, पैसा आणि इच्छा या तिन्ही गोष्टी लागत होत्या. केरळ सरकारने २०१८ मध्ये आपल्या विद्यापीठांत व संलग्न कला-विज्ञान महाविद्यालयांत प्रत्येक अभ्यासक्रमामागे पारलिंगी विद्यार्थ्यांसाठी दोन वाढीव जागा मंजूर केल्या, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने त्याच्या आदल्या वर्षी त्यांना शुल्क माफ केले. मुक्त विद्यापीठास हे सोपे गेले, कारण त्याला कोणाला खोली द्यावी लागत नाही.

खोलीचा प्रश्न ज्यांनी प्रत्यक्ष सोडविला, त्यांत मुंबईतील देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे नाव प्रथम घ्यावे लागते. २०१८ च्या सुमारास तेथील विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून आवारातील एका वसतिगृहाचा मजला लिंगनिरपेक्ष म्हणून राखून ठेवण्यात आला. देशातील अशा आरंभीच्या सोयींत त्याची गणना होते. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाने २०१५ मध्ये एका पदवीधराच्या विनंतीवरून प्रमाणपत्रावर नावाआधी श्री किंवा कुमारी न लिहिता लिंगनिरपेक्ष उपपद छापले, आणि पुढे २०२२ मध्ये वसतिगृहाच्या तळमजल्यावर अशीच जागा राखली. वरवर पाहणाऱ्यास यात विशेष असे काही दिसणार नाही. एक मजला, काही खोल्या, स्नानगृहाच्या दारावरची बदललेली पाटी. परंतु वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही विचारावे, की तेथील आयुष्य कोणत्या गोष्टींनी बनलेले असते. सकाळी स्नानगृहापुढे टॉवेल घेऊन उभे राहणे, सामायिक आरशात दाढी करणे, रात्री खोलीतल्या सोबत्याच्या हाती आपला मोबाईल सहज पडणे, आठवड्यातून एकदा घरच्यांनी रेक्टरला फोन करून "आमचा मुलगा कसा वागतो?" असे विचारणे, या साऱ्या गोष्टी इतरांस इतक्या स्वाभाविक वाटतात की त्यांत काही भय असू शकते हेच त्यांच्या मनास शिवत नाही, आणि ज्याला तेथे क्षणोक्षणी आपली चाल, आवाज, हसणे यांवर पहारा ठेवावा लागतो, त्याची अर्धी बुद्धी त्या पहाऱ्यातच खर्ची पडते. मग वर्षाअखेर गुणपत्रिकेत जे उतरते, त्याचा संबंध कोणी स्नानगृहापर्यंत नेऊन लावीत नाही.

मराठी वाचकांस हा विषय परका वाटण्याचे खरे तर कारण नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले, आणि त्यातील सुमित्रा देव ही स्वातंत्र्यपूर्व पुण्यातील समलिंगी महाविद्यालयीन विद्यार्थिनीच आहे. तिच्या वाट्याला जी काही मदत येते ती एकट्या बापू या मित्राकडून, आणि त्या मदतीचे दृश्य स्वरूप म्हणजे त्याची खोली. महाविद्यालय नावाची संस्था त्या साऱ्या गोष्टीत पार्श्वभूमीस उभी आहे. तिच्याकडून काही घडत नाही आणि घडावे अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. त्याच्याही कितीतरी आधी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही, निःसंकोच उत्तरे दिली. त्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, आणि तरीही कर्व्यांस दंड झाला. हे कर्वे मूळचे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांस विल्सन कॉलेजातील नोकरी त्यापूर्वीच सोडावी लागली होती. ज्या गृहस्थाला विद्यार्थी मोकळेपणाने काही विचारू शकले असते, तोच आवाराबाहेर गेला आणि प्रश्न मासिकाच्या पत्त्यावर टपालाने येऊ लागले. ही जी टपालाची वाट पडली, ती पुढे फार काळ तशीच राहिली. १९९० साली सुरू झालेले 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक, १९९४ ची मुंबईची हमसफर ट्रस्ट, २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात स्थापन केलेली समपथिक ट्रस्ट, या सर्व ठिकाणी महाविद्यालयीन तरुण जात राहिले. म्हणजे विद्यापीठाने जे आवारात द्यावयाचे ते शहराने, आणि तेही मोजक्या शहरांनी, स्वतःच्या पदरचे खर्चून दिले.

आवाराच्या आत काय होऊ शकते याचे सर्वांत दारुण उदाहरण एका मराठीच्या प्राध्यापकाचेच आहे. नागपूरचे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवीत आणि तेथील आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या कवितासंग्रहास २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही माणसे त्यांच्या घरात घुसली, त्यांच्या खाजगी क्षणांचे चित्रण केले, आणि विद्यापीठाने घुसखोरांवर कारवाई करण्याऐवजी गैरवर्तनाच्या आरोपाखाली सिरसांनाच निलंबित केले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी, की दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७व्या कलमाची नांगी मोडली होती ती २ जुलै २००९ रोजी, म्हणजे या घटनेच्या सात महिने आधी. विद्यापीठास त्या दिवशी कायद्याचा आडोसा घ्यावयाचा असता तरी तो पुरेसा राहिलेला नव्हता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिल रोजी निलंबनास स्थगिती दिली. ७ एप्रिल रोजी सिरस अलीगढमधील भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. मृत्यूचे गूढ उकलले नाही. हंसल मेहता यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, मनोज बाजपेयी यांनी त्यात त्यांची भूमिका केली, आणि तो पुष्कळ महाविद्यालयांतून दाखविलाही जातो. परंतु मराठीच्या किती विभागांत सिरसांची कविता वाचली जाते, हा प्रश्न मला त्या चित्रपटाहून अधिक अस्वस्थ करतो. अशा प्रसंगी विद्यार्थी शिक्षकाकडे पाहत असतात. संस्थेने शिक्षकाचे जे केले त्यावरून ती आपले काय करील, हे त्यांना कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 'साथी' हा विद्यार्थ्यांचा गट उभा राहिला. तंत्रशिक्षणाच्या आवारात, जेथे मुलींची संख्याही तोवर नाममात्र होती, तेथे असा गट निघावा याचे तेव्हा पुष्कळांस नवल वाटले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरविला आणि सभासद एका रात्रीत पुन्हा कायद्याच्या दृष्टीने संशयित झाले, तरी गट मोडला नाही. आज अनेक तंत्रज्ञान संस्थांत, विधी विद्यापीठांत आणि महानगरांतील नामांकित महाविद्यालयांत असे गट आहेत. नव्याने आलेल्या मुलास एखादा वरच्या वर्गातला भेटतो, चित्रपट दाखविला जातो, कोणत्या डॉक्टरकडे जावे व कोणाकडे जाऊ नये हे कानोकान कळते, घरून पैसे बंद झाले तर महिनाभर कोणाच्या तरी खोलीत सोय होते. मुलांनी मुलांसाठी चालविलेले हे काम किती मोलाचे आहे, हे सांगावयास नकोच. परंतु त्यातली खोच अशी, की या कामाचा सारा भार ज्यांच्या खांद्यावर पडतो त्यांचीही परीक्षा त्याच महिन्यात असते, आणि चौथ्या वर्षी ते पदवी घेऊन निघून जातात. एखादी तुकडी उत्साही निघाली की गट फुलतो, पुढची थंड निघाली की नोंदवही कुलूपबंद होते. ग्रंथालय, जिमखाना किंवा परीक्षा विभाग विद्यार्थ्यांच्या उत्साहावर सोडून देण्याची कल्पना कोणत्याही कुलगुरूस सहन होणार नाही. ही एक बाब मात्र खुशाल तशी सोडली जाते, आणि वर त्यालाच विद्यार्थ्यांचे स्वातंत्र्य म्हटले जाते.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने अॅन आर्बर येथे १९७१ साली, विद्यार्थ्यांच्या रेट्यामुळे का होईना, या कामासाठी पगारी माणसे नेमली. उच्चशिक्षणातील अशा प्रकारची ती पहिली कचेरी मानली जाते, आणि स्पेक्ट्रम सेंटर या नावाने ती आजही चालू आहे. पुण्या-मुंबईहून तेथे शिकावयास जाणाऱ्या मराठी मुलांस प्रथम आश्चर्य वाटते ते तेथील उदारमतापेक्षा या साध्या गोष्टीचे, की दाराआड ठरलेल्या वेळी कोणीतरी बसलेले असते. अर्थात पगारी कचेरी म्हणजे अमरपट्टा नव्हे. विद्यापीठांतील अशा कचेऱ्यांस मनाई करणारा टेक्सास राज्याच्या विधिमंडळाचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला, आणि त्याच्या धास्तीने ह्यूस्टन विद्यापीठाने आपले असे केंद्र आदल्या वर्षीच बंद केले. तथापि तेथे निदान बंद करण्याजोगे काही होते.

आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये राज्य विधिमंडळाने सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक संमत केले. त्यात विद्यापीठांसाठी समान संधी मंडळाची तरतूद होती व त्यावर या समुदायाच्या प्रतिनिधींनाही स्थान मिळावयाचे होते. त्या विधेयकाचे खरे भांडण कुलगुरूंच्या निवडीवरून आणि मंत्र्यांस प्र-कुलपती करण्यावरून होते. परंतु सभागृहात या प्रतिनिधित्वावरही नको तितकी शेरेबाजी झाली. पुढे सरकार बदलले, विधेयक मागे घेतले गेले, आणि कुलगुरूंच्या निवडीबरोबर ती तरतूदही वाहून गेली. तिच्यासाठी वेगळे कोणी रडले नाही.

मानसिक आरोग्याच्या बाबतीत परिस्थिती थोडी बरी म्हणावी अशी आहे, निदान कागदावर तरी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क दिला. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी ७ जून २०२१ च्या निकालात समलिंगी व्यक्तींना 'सुधारण्या'च्या तथाकथित उपचारांस मनाई केली आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासण्यास सांगितले. तरीही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात समलिंगी स्त्रियांचे संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत घातले, आणि ओरड झाल्यावर पुढच्या महिन्यात ती मार्गदर्शक तत्त्वे मागे घेतली. उद्याचा डॉक्टर जे पाठ करणार, ते असे महिन्या-महिन्याने फिरते.

समुपदेशक आता पुष्कळ महाविद्यालयांत असतो. मी पाहिलेल्या एका ठिकाणी त्याची खोली प्राचार्यांच्या दालनास लागून होती, बाहेर बाकावर शिपाई बसे, आणि दारापाशी दोरीने पेन बांधलेली एक नोंदवही होती, तिच्यात नाव, वर्ग, वेळ आणि शेवटी 'भेटीचे कारण' असा रकाना होता. वरपासून खालपर्यंत सर्वांनी तेथे एकच शब्द लिहिला होता : 'अभ्यास'. त्या वहीतील अक्षरे वेगवेगळी होती आणि कारण एकच, हे पाहूनही कोणास ती वही उचलून आत ठेवावी असे वाटले नव्हते. ज्यांना आपल्या आवारातील दार नको असते त्यांच्यासाठी टाटा संस्थेची २०१२ पासून चालू असलेली 'आयकॉल' ही दूरध्वनीवरील समुपदेशन सेवा आहे, आणि सरकारची १४४१६ या क्रमांकावरची 'टेलिमानस' ही सेवाही आहे. परंतु वसतिगृहाच्या सामायिक खोलीत बसून फोनवर मोकळेपणाने बोलावयाचे कसे, म्हणजे प्रश्न फिरून खोलीशीच येऊन थांबतो.

उरली तक्रारीची बाब. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ३७७वे कलम समूळ वगळले गेले. परिणाम असा झाला, की एखाद्या मुलावर किंवा पारलिंगी विद्यार्थ्यावर दुसऱ्या पुरुषाने बळजबरी केली, तर पूर्वी त्या कलमाखाली जी फिर्याद होऊ शकत असे तिला आता तशी जागा राहिली नाही. अशा वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळप्रतिबंधक विनियमांचे महत्त्व वाढते. कारण हे विनियम स्त्रियांबरोबरच पुरुष व तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या छळाचीही दखल घेण्यास संस्थेस बांधून ठेवतात. अंतर्गत तक्रार समिती केवळ मुलींसाठी आहे अशी जी सार्वत्रिक समजूत आहे, ती चुकीची आहे, आणि ती समजूत पुष्कळ ठिकाणी खुद्द समितीच्या सदस्यांचीही आहे.

याहून महत्त्वाचा, आणि जवळजवळ कोणी न वाचलेला, दस्तऐवज रॅगिंगसंबंधीचा आहे. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकाने दरवर्षी प्रतिज्ञापत्र द्यावयाचे असते. जून २०१६ मध्ये या विनियमांच्या तिसऱ्या कलमात दुरुस्ती झाली, आणि जात, धर्म, वर्ण, भाषा, जन्मस्थान यांबरोबरच लिंग, त्यात पारलिंगी ओळख, तसेच लैंगिक कल यांवरून कोणत्याही विद्यार्थ्यास शारीरिक वा मानसिक त्रास देणे, धमकावणे किंवा वाळीत टाकणे हेही रॅगिंग ठरले. आता त्या प्रतिज्ञापत्राचा मजकूर पाहावा : आपण हे विनियम काळजीपूर्वक वाचले आहेत, विशेषतः तिसरे कलम नजरेखालून घातले आहे, आणि रॅगिंग कशास म्हणतात याची आपणांस जाणीव आहे, असे त्यात विद्यार्थी लिहून देतो आणि त्याचे आईवडीलही लिहून देतात. म्हणजे समलिंगी मुलाची टिंगल करणे, त्याला पंगतीतून उठविणे, त्याच्या खोलीचे दार बडवून पळणे हा दंडनीय अपराध आहे, हे या राज्यातील लाखो कुटुंबांनी आपापल्या सहीनिशी मान्य केलेले आहे. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो.

प्राचार्यांस माझी विनंती एवढीच, की हे तिसरे कलम मराठीत छापून वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लावावे, आणि निदान एका खोलीविषयीचा लेखी हुकूम जूनपूर्वी आपल्या कारकुनाच्या हाती द्यावा. आणि दिवाळीचा हा अंक ज्या घरांतून वाचला जाईल, तेथील पालकांनी यंदा सही केलेल्या प्रतिज्ञापत्राची प्रत कपाटातून काढून ते कलम आपल्या मुलामुलींसमवेत एकदा वाचावे. ज्यांची सही पुढील वर्षी व्हावयाची आहे, त्यांनी आधी वाचावे आणि मग सही करावी.